मामांना वाचून न दाखवलेलं पान

सोपानमामा कापसाची पारख कानानं करायचे. मानवतच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातलं बी, सरकी, वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, ते तीस-पस्तीस वर्षं ग्रेडर होते. कापसाची गाडी आत आली की मामा मधूनच कुठूनतरी मूठभर कापूस उपसायचे, त्यातली एक सरकी काढायचे आणि दाढेखाली धरून डोळे मिटायचे. चावल्यावर 'कट्' असा आवाज आला तर माल वाळलेला. आवाज न होता सरकी नुसतीच दबली तर ओल आहे. हा आवाज त्यांच्या स्वतःच्या तोंडातला, दुसऱ्या कुणाला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. तरीही गाडीवाला, दलाल, हमाल सगळे त्या वेळी बोलायचे थांबत. "ओल हाय. वाळवून आन," एवढंच म्हणून मामा पुढच्या गाडीकडे वळायचे. समोर ओळखीतला माणूस असो की जिनिंगच्या मालकाचा मेहुणा, या वाक्यात एक शब्द कमी-जास्त होत नसे.

मी शाळेत मराठी शिकवायला म्हणून बदलीवर मानवतला आले आणि आम्ही दोघा नवरा-बायकोनं मामांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालताना एक जुनं गाणं गुणगुणत होते. पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, "बाई, गानं लय चांगलं हाय. तुमी कामून मधी पडायलात?" मला इतका राग आला की हातातला टॉवेल मी पुन्हा पिळला. मागं दारात त्यांच्या बायको, अंजनामामी, उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसताहेत असं मला तेव्हा वाटलं.

पुढं कळलं की हा प्रसाद सगळ्या गल्लीला मिळालेला आहे. एकादशीच्या भजनात मामा खांबाला टेकून बसायचे, टाळ हातात घेत नसत. भजन संपलं की पेटीवाल्या गुरवांना सांगायचे, "आज पेटी तुमच्या आदी घरी जायची घाई करायली हुती." टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा ते ऐकायचे आणि परीक्षकांच्या आधी निकाल देऊन मोकळे व्हायचे. "वर समदेच जातेत. ह्या लेकरायला खाली यायचं कुनी शिकवलंच न्हाई. वरून नुसती उडी मारायलेत." मिरवणुकीतले मोठमोठे स्पीकर गल्लीतून गेले की भांडी हादरायची. मामांना त्या आवाजाचा राग नव्हता. ते म्हणायचे, "आवाज मोठा हाय म्हनून न्हाई. आत काईच न्हाई म्हनून तरास हुतोय."

निवडणुकीच्या दिवसांत तर लोक मुद्दाम त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, सभेचं भाषण आमच्या गल्लीत स्वच्छ ऐकू यायचं. मामा पान लावत ऐकायचे. "आदी टाळी आन् मागून वाक्य. पैसे देऊन आनलेल्या टाळीला दम निघत न्हाई." एकदा एक उमेदवार दहा-बारा कार्यकर्ते घेऊन थेट त्यांच्या ओट्यावर आले आणि पायाला हात लावून म्हणाले, मामा, आशीर्वाद असू द्या. मामांनी त्यांना बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "साहेब, मागच्या खेपंला तुमी दुसऱ्या झेंड्याखाली हुता. भाषन हेच हुतं. झेंडा बदलला तर चाल तरी बदलायची." कार्यकर्ते हसले. उमेदवारही हसले, कारण त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मामी आत चहा करत होत्या. तो चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मंडळी पुढच्या घरी पोचली होती.

या मामी फार कमी बोलायच्या. दोन लेकी, एक गंगाखेडला दिलेली, एक पोखर्णीला. लेकी गेल्यावर घरात ही दोघंच. एका उन्हाळ्यात आम्ही दोघी शेवया करत बसलो होतो आणि मी सहज म्हणाले, "मामी, मामांसारख्या माणसासोबत घरात गाणं म्हणायची सोयच नाही!" मामींचा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं की लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या पीठ चाळता चाळता गात होत्या. माहेरच्या बायकांकडून शिकलेलं काहीतरी. मामा जेवत होते. ताटावरून न उठता ते म्हणाले, "तुजा सूर पडायलाय. त्यापरीस गप बरी."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तवाच गानं सोडलं मी," मामी म्हणाल्या आणि शेवयांची काडी उन्हात नेऊन ठेवली.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र मामांचा असा संताप आला की पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

दोन वर्षांनी, माघात, मामी गेल्या. ऐन हंगाम होता, जिनिंगमध्ये गाड्यांची रांग होती. मी शाळेतून आले तर दारात गर्दी. हृदयाचा झटका. मामा जिनिंगमधून घरी आले तेव्हा मामी स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, असं गल्ली सांगत होती. मामा भिंतीला पाठ लावून बसले होते. कुणी काही विचारलं की एकच वाक्य म्हणायचे, "मी आत्ताच आलो." सांत्वनाला नवीन कोणी आलं की पुन्हा, "मी आत्ताच आलो."

त्यांना साखरेचा त्रास होताच. त्या वर्षात त्यांनी औषधं घेतली नाहीत, पथ्य पाळलं नाही, आणि साखरेनं त्यांचे डोळे नेले. जिनिंग सुटली. लेकींनी न्यायचा फार प्रयत्न केला, पण मामा घर सोडायला तयार झाले नाहीत. "हितं मला समदं ऐकू येतंय. तुमच्या हितं मी आंधळा हुईन," असं त्यांनी गंगाखेडच्या लेकीला सांगितलं. शेवटी एक बाई दोन वेळचा स्वयंपाक करून जायची आणि मी शाळा सुटल्यावर तासभर त्यांना वाचून दाखवायचे. आधी वर्तमानपत्र, मग पुस्तकं. राग माझ्या मनात होताच. पण रोज संध्याकाळी पाच वाजता एक माणूस ओट्यावर आपली वाट बघत बसतो, हेही मला आवडायला लागलं होतं.

डोळे गेल्यावर मतं आणखी धारदार झाली. टीव्हीवरचा सिनेमा ते नुसता ऐकायचे. "मास्तरीण, गरिबाच्या घराचं दार आन् बंगल्याचं दार एकसारखं वाजतंय का गं? हेंच्या समद्या पिक्चरमधी एकच दार हाय." नायक रडू लागला की म्हणायचे, "हेच्या आवाजात पानी न्हाई. डोळ्यातच घातलेलं दिसतंय." पुस्तकांचं तर विचारू नका. पहिल्या पानावर ढग दाटून आले की मामा हात वर करायचे. "पुढचं पान वाच. काय सांगायचं ते हेचं आजून ठरायलंय." एक मोठं बक्षीस मिळालेली कादंबरी मी हौसेनं नेली होती. खेड्यातलीच होती. तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "हा मानूस गावात ऱ्हायलेला न्हाई. हेच्या गावात कुनाला कामच न्हाई. समदे उभ्या उभ्या इचार करायलेत."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. वाचन चालू असताना मामा मधेच हात वर करून "थांब" म्हणायचे आणि तोंड घराच्या मागच्या बाजूला फिरवायचे. तिकडे स्वयंपाकघर आणि त्यामागं बोळ. मीही कान द्यायचे. मला कधीच काही ऐकू आलं नाही. अर्धा मिनिट, कधी जास्त. मग ते म्हणायचे, "वाच." आठवड्यातून एक-दोनदा हे व्हायचं आणि त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवायचं नाही. म्हातारपण आहे, असं मी स्वतःला सांगायचे आणि घाईनं पुढचा परिच्छेद सुरू करायचे.

याच काळात माझं पहिलं पुस्तक निघालं. आठ कथा, लहानसा प्रकाशक. मामांना मी आधी सांगितलं नव्हतं, कारण सहाव्या कथेत ते होते. मी त्यांना कापसाचा ग्रेडर केलं नव्हतं, धान्याचा पारखी केलं होतं, आणि गाव बदललं होतं. पण जेवता जेवता बायकोला "गप बरी" म्हणणारा नवरा त्यात होता आणि त्यानंतर जन्मभर मुकी राहिलेली बायकोही होती. एक पानभर प्रसंग. सगळ्या पुस्तकात ते पान मला सर्वांत चांगलं जमलं होतं, आणि ज्यांनी पुस्तक वाचलं त्यांनीही तेच सांगितलं होतं. पण पुस्तक छापल्याचं गल्लीत कळलं, मामांना कळलं, आणि रोज एक कथा वाचायची असं ठरलं.

पाच कथांवर त्यांनी फारसं काही म्हटलं नाही. "बरं हाय" असं एकदा म्हणाले, त्यावर मी रात्रभर खूश होते. सहाव्या दिवशी मी ती कथा वाचायला घेतली. त्या पानाशी आले. समोर आंधळा, एकटा म्हातारा. त्याच्या तोंडावर हे कसं वाचायचं? मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढून सुरू केलं. कथा संपवली.

"दोन पानं उलटलीस," मामा म्हणाले. "एक पान आसं जड वाजत न्हाई."

मी म्हणाले, चिकटली असतील.

"चिकटली न्हाईत. त्याच्या आदी तुजा आवाज बसला." मग म्हणाले, "जे मला वाचून दाखवता येत न्हाई, तेवढंच खरं लिवलं आसशील. बाकीचं कामून छापलंस?"

माझ्या पुस्तकावर पुढं चार परीक्षणं आली. इतकं लागणारं वाक्य त्यांत कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन गेले तर मामा म्हणाले, "आदी ते पान." मी म्हणाले, मामा, सोडा ना. त्यांनी मान फिरवली. तिसऱ्या दिवशी तेच. मी पुस्तक न घेता गेले तर म्हणाले, "मग चाला तुमी." सुरुवातीच्या दिवसांनंतर ते मला पहिल्यांदाच परत 'तुमी' म्हणाले. आठ दिवस असे गेले. मी भीत होते, हे कबूल करायला हवं. त्यांना दुखवण्याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही होती की हा माणूस माझ्याकडून ऐकणं कायमचं बंद करील. नवव्या दिवशी मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसले आणि ते पान वाचलं. सरळ, न थांबता. वाचताना एकदाही वर पाहिलं नाही.

वाचून झालं. समोरच्या घरातला कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबला. मामा मांडीवर हात ठेवून बसले होते.

"अंजनानं सांगितलं तुला?"

"हो."

"बरोबर हाय. तसंच म्हनलो हुतो मी. चोवीस वर्साचा हुतो, लय कळतंय आसं वाटायचं." मग म्हणाले, "पर मास्तरीण, तुज्या पानात ती मुकी हाय."

"मामी तसंच म्हणाल्या होत्या. तेव्हाच सोडलं म्हणून."

"म्हनली आसंल. तिचं तिच्यापाशी ठिवायचं आसंल तिला. पर ती गायाची."

मामा सांगू लागले. आवाज नेहमीचाच होता, कापसाविषयी बोलायचे तसाच.

"एक दिवस जिनिंगमधी लाईट गेली. दुपारीच घरी आलो. मला मागच्या बोळातून यायची सवय. भितीपाशी आलो तर आतून गानं. आदी वाटलं, कुनी पाव्हनी आली. मग वळखलं. सूर पडतच हुता गं. पर ती पडलेला सूर उचलायला जायची न्हाई. तितंच बसवायची, आन् तितून म्होरं जायची. आसं मी कुटंच ऐकलं न्हवतं. कुटंच न्हाई."

"मग आत जाऊन सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर तिनं माज्यासाठी गायलं आसतं. मला ऐकवायला. ते मग तसं ऱ्हायलं नसतं." ते थांबले. "आन् कोन्या तोंडानं सांगायचं?"

मग ते आठवड्यातून दोनदा-तीनदा काहीतरी निमित्त काढून दुपारी जिनिंगमधून यायचे, बोळात मागच्या भिंतीला लागून उभे राहायचे आणि ऐकून परत जायचे. लेकी उजवायच्या आधीपासून हे चाललं होतं. गल्लीला पत्ता नाही, मामींना नाही. सगळ्या गावाची गाणी तोडून टाकणारा हा माणूस स्वतःच्या घराच्या मागं, चपला हातात घेऊन, उन्हात उभा राहायचा. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. अशी गोड गोष्ट मला आधी ठाऊक असती तर पुस्तकात घातली असती, असा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

कारण मामांचं सांगणं संपलेलं नव्हतं.

"त्या दिशी बी मी भितीपाशीच हुतो," ते म्हणाले.

कोणत्या दिवशी हे मला विचारावं लागलं नाही.

"गानं मधीच थांबलं. मला वाटलं, हिला माजी चाहूल लागली. म्हनलं, आता हललो तर हिला कळंल. मग ही पुन्ना कवाच गायची न्हाई. म्हनून उभा ऱ्हायलो. श्वास बी दाबून धरला. म्हनलं, करंल सुरू. थांबली तवा समोरच्या भितीची सावली माज्या गुडघ्यापस्तोर हुती. आत गेलो तवा छातीवर आली हुती."

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता.

"डाक्टरनं इचारलं, कवा पडल्या? लवकर आनायला पायजे हुतं म्हनला. मी म्हनलो, मी आत्ताच आलो."

"मामा, तुम्हाला कसं कळणार होतं..."

"मला कळाया पायजे हुतं," ते माझं वाक्य तोडून म्हणाले. "दुसऱ्या कुनाला न्हाई. मला. गप झालेली बाई आन् पडलेली बाई, हेच्यातला फरक मला ऐकू आला न्हाई."

वाचता वाचता मला थांबवून ते कशाकडे कान लावत होते, ते आता मला समजलं होतं. ओट्यावर बसल्या बसल्या मलाही मागचं स्वयंपाकघर ऐकू येतंय असं वाटायला लागलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, दुसरी आवृत्ती निघाली तर ते पान बदलू का?"

"नगं," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसंच. पर तुज्या पानातला नवरा नुसता तोंडाचा फटकळ हाय. लय सस्त्यात सोडलंस त्याला."

त्यानंतर वाचन पुन्हा सुरू झालं. मी रोज पाचला जायचे. वर्तमानपत्र वाचायचे, पुस्तक वाचायचे, मामा ऐकायचे. मात्र त्यांनी कशावर मत दिलं नाही. मी मुद्दाम वाईट कविता नेल्या. एका पुढाऱ्याचं भाषण नक्कल करून वाचलं. पहिल्या पानावर ढग असलेली कादंबरी नेली. "वाच," एवढंच ते म्हणायचे. लोक यायचे, काहीतरी खमंग ऐकायला मिळेल म्हणून बसायचे आणि उठून जायचे. म्हातारा थकला, असं गल्ली म्हणू लागली. मीही तेच म्हणायचे, कारण दुसरं काय सांगणार?

पुढच्या वर्षी त्यांना परभणीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन्ही लेकी उशाशी होत्या. मी रविवारी एसटीनं गेले, बरोबर वर्तमानपत्र होतं. वाचू का म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून बोट हलवलं. खोलीत यंत्रांचे आवाज, बाहेर गाड्यांचे, वॉर्डात कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं. मामा तोंड भिंतीकडे करून पडले होते. मंगळवारी सकाळी मामा गेले. लेकींना बोळातलं काही माहीत नाही. आता हे छापून आल्यावर त्यांना कळेल. एकदा एक पान लपवून झालं होतं, दुसऱ्यांदा ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

त्यांचं घर आता दुसऱ्यांनी घेतलंय. आम्ही अजून शेजारीच राहतो. माझ्या नवऱ्याला आंघोळ करताना गुणगुणायची सवय आहे, अत्यंत बेसूर. पूर्वी मी त्यांना त्यावरून फार टोचून बोलायचे. आता काही बोलत नाही. पण ते गुणगुणणं मधेच थांबलं की मी हातातलं काम टाकून उठते, न्हाणीच्या दारावर थाप मारते आणि आतून "अगं काय झालं?" असं येईपर्यंत तिथून हलत नाही. ते चिडतात. म्हणतात, वेड लागलंय तुला. लागलं असेल.